कच्चा हिरवा

टेकचंद गेल्याची बातमी मला दोन दिवस उशिरा कळली, आणि त्यात दोष माझाच होता. कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सॅप ग्रुप मी कधीचाच म्यूट करून ठेवला आहे. सकाळची फुलं, केक आणि कोणाच्या तरी मुलाचं परदेशातलं घर किती वेळा बघायचं? त्या दिवशी सहज उघडला, तर दोन वाढदिवसांच्या मध्ये एक ओळ होती. ‘आपला टेकचंद गेला. शाळेची भिंत रंगवताना छातीत दुखायला लागलं.’ खाली ओळीने जोडलेले हात. मीही हात जोडून पाठवले. मग फोन खाली ठेवला आणि माझी मलाच शरम वाटली. तीस वर्षांची मैत्री असलेल्या माणसाला मी सगळ्यांसारखेच पिवळे हात पाठवून मोकळी झाले होते.

आम्ही दोघं एकाच जिल्ह्यातले. तो चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावचा, मी आमगावजवळची. दोघांच्याही घरी धानाची शेती. नागपूरला चित्रकला शिकत होतो तेव्हा सोमवारी सकाळी गोंदियाहून गाडी पकडायची, काखेत ड्रॉइंग बोर्ड, आणि डब्यात शिरल्याबरोबर टेकचंदचा आवाज, “सरक ना वं सुनंदा, बोर्डाले बी बसू दे!” अख्खा डबा वळून बघायचा. नागपुरातल्या पहिल्या सहा महिन्यांत मी ‘काऊन’ सोडून ‘का’ म्हणायला शिकले. हॉस्टेलच्या मुलींना मी गोंदियाची वाटतच नाही, याचा मला केवढा आनंद व्हायचा! टेकचंदला मात्र पाच वर्षांत एक शब्द बदलता आला नाही. की बदलायचाच नव्हता... मी कधी विचारलं नाही.

आमच्या निसर्गचित्राच्या सरांचा एक नियम होता. ट्यूबमधला हिरवा तसाच लावायचा नाही, त्यात किंचित तांबडा घालून तो मारायचा. न मारलेला हिरवा दिसला की सर दुरूनच ओरडायचे, “कच्चा! मारा त्याला.” एकदा टेकचंदनं पऱ्ह्यांचं चित्र काढलं. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी, भाताच्या लावणीसाठी, दाट पेरलेली धानाची रोपं. ज्यांनी आषाढात ती पाहिली आहेत त्यांना तो रंग सांगावा लागत नाही, आणि ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगून पटत नाही. इतका हिरवा की डोळ्यांवर येतो. सरांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, “कच्चा. मार.” टेकचंद सरळपणे म्हणाला, “सर, पऱ्हेच मारले त रोवणी कायची करावं?”

वर्ग खो खो हसला. सरही हसले. टेकचंद तेवढा गोंधळून माझ्याकडे वळला. “सांग ना वं, असेच रायतेत ना पऱ्हे?”

मी म्हणाले, “मला नाही बाई माहीत.”

दरवर्षी चिखलात उभी राहून रोवणी केलेली मुलगी मी. टेकचंदनं चित्र बोर्डावरून काढून घेतलं. संध्याकाळी मेसबाहेर भेटला तेव्हा नेहमीसारखा चहा पाजला आणि त्याच्या नव्या ब्रशबद्दल बोलत बसला. त्यानं राग धरला असता तर मला बरं वाटलं असतं.

कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या माणसांचं पुढं काय होतं, हे आमच्या बॅचकडे पाहिलं की कळतं. कोणी जाहिरातीत गेलं, कोणी घरं सजवतं, दोघे-तिघे ड्रॉइंग मास्तर झाले. चित्रं बहुतेकांची सुटली. माझीही. पुण्यात मी मुलांच्या पुस्तकांत ससे आणि हत्ती काढले, मग शिकवायला लागले, मॅडम झाले, आणि हळूहळू इतरांची चित्रं तपासायला मला बोलावू लागले. टेकचंदनं गोंदियाजवळ फुलचूरला घराच्या पुढच्या खोलीत ‘कला आर्ट्स’ उघडलं. कला आणि आर्ट्स एकच, असं मी चिडवलं तर म्हणाला, “गोंदियात आधे लोक हिंदी, आधे मराठी. कोणाले त समजन!” दुकानांच्या पाट्या, ट्रकची नावं, मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या, नाटकांचे पडदे, सगळं त्यानं केलं. खडूची रेघ न आखता तो आधी सगळी अक्षरं लिहायचा, अधांतरी, आणि मग श्वास रोखून एका दमात वरची रेघ ओढायचा. फ्लेक्स आले तेव्हा पाट्या गेल्या. मग तो शाळांच्या भिंतींवर फळं आणि पाढे रंगवू लागला. रविवारी मात्र कॅनव्हास घेऊन बांधीवर, धानाच्या शेतावर, जायचा. आमच्या बॅचमधला तो एकटाच शेवटपर्यंत चित्रकार राहिला, हे मी आज लिहिते आहे. त्याला कधी म्हटलं नाही.

आता ते सांगते, ज्यासाठी हा लेख लिहायला बसले. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रदर्शनाच्या निवडीसाठी आम्ही तिघं परीक्षक होतो. चित्रांना फक्त नंबर होते. एका कॅनव्हाससमोर मी थांबले. खाली पऱ्हे, वर ढगाळ आभाळ, आणि तो हिरवा. नावाची गरजच नव्हती. दुसरे दोघं घुटमळत होते. चित्र त्यांना आवडलं होतं, रंगाची खात्री नव्हती. त्यातले एक मला म्हणाले, “तुम्ही तिकडच्याच ना? असा असतो का हो हिरवा?”

तोच प्रश्न. एवढ्या वर्षांनी मला पुन्हा संधी मिळाली होती, आणि मी म्हणाले, “थोडा कच्चाच आहे.”

आपल्या माणसाची बाजू घेतली असं कोणाला वाटू नये, म्हणून मी तसं म्हणाले, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खोटं आहे. मला त्या हिरव्याचा हेवा वाटला होता. माझे रंग केव्हाच मेले होते आणि त्याचा अजून तसाच होता.

चित्र निवडलं गेलं नाही. निकालानंतर त्याचा फोन आला. यादीत परीक्षकांची नावं छापलेली होती. “सुनंदा, तू होतीस म्हणे. तुले कसा वाटला वं?” मी तेव्हाही सावरू शकले असते. पण आवाजात मॅडम आणून म्हणाले, “हिरवा जरा कच्चा राहिलाय रे.”

 तो म्हणाला, “तुले बी वाटला?... हाव. त असन.”

तेरवी होऊन गेल्यावर मी फुलचूरला गेले. आषाढ होता. वाटेत दोन्ही बाजूंना पऱ्हे उभे होते, आणि मी गाडीत मान खाली घालून बसले होते. टेकचंदच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी, पाणी दिलं आणि आतून एक चित्र आणलं. प्रदर्शनाला पाठवलेलं तेच, फ्रेममध्ये. पण मी आधी ओळखलंच नाही. सगळे पऱ्हे मळकट, वयस्कर, सभ्य हिरवे झाले होते. सरांनी शाबासकी दिली असती.

“चांगला होता जी हा चित्र,” वहिनी म्हणाल्या. “तुमचा फोन झाला आन् त्यावर लाल घालून राहिले, दोन महिने. मी म्हणलं, अहो, पऱ्हे असेच रायतेत, कायले बिघडवून राहिले? त म्हणत, तुले काय समजते, सुनंदानं सांगतलं. तिच्या घरी बी धानच आहे, ते कायले खोटं सांगन?”

मी त्यांना सगळं सांगितलं. वर्गातलं, निवडीच्या दिवसाचं, फोनवरचं. रडत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, म्हणतील, जाऊ द्या ताई. त्या म्हणाल्या, “मंग त्याईले काऊन नाही सांगतलं? एक फोन त करायचा होता.”

 

चित्र त्यांनी मला दिलं. प्रवासात मोडेल म्हणून फ्रेम काढली, तेव्हा दिसलं की त्यानं ते फ्रेममधून न काढताच पुन्हा रंगवलं होतं. लाकडाखाली दबलेली बोटभर पट्टी चारही बाजूंनी तशीच राहिली होती. लख्ख हिरवी. ती फ्रेम मी तिथेच ठेवून आले.

आता ते माझ्या पुण्याच्या खोलीत, टेबलासमोर आहे. विद्यार्थी येतात, वाकून बघतात. परवा एक मुलगी म्हणाली, “मॅडम, कडेचा हिरवा मारायचा राहून गेलाय का?”

“नाही गं,” मी म्हणाले. “तेवढाच वाचलाय.”