न फुंकता द्यायची परीक्षा
आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. पुढे फिजिक्समध्ये एमएस्सी केलं, आता दुसऱ्या शहरातल्या संशोधन केंद्रात एमआरआयवर काम करते. अभिमान आहे, लपवत नाही. बाबांनी जबलपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं वाळूच्या फवाऱ्यानं लोखंड साफ केलं, तेव्हा कुठे मी शिकले.

हिवाळ्यात सुटीवर घरी आले, तर जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारातून भाजी घेऊन आलेले बाबा जिन्यात दुसऱ्या मजल्यावर मोबाइल बघत उभे. आमचं घर चौथ्यावर.

"रोज तिथंच यांना फोन येते," आई म्हणाली.

फुप्फुसांची ताकद मोजायला नळीत फुंकायच्या तपासणीत मात्र बाबा दरवेळी पास. आत जायच्या आधी ते गुपचूप दम्याचा पंप ओढतात, हे मला माहीत होतं. कारखान्यात बरेच जण असंच करायचे. नापास झालं की हलकं काम, अन् चारचौघांत मान खाली. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. त्यामुळे डॉक्टरही म्हणायचे, वय झालंय, बाकी ठीक.

मी त्यांना आमची तपासणी समजावली. साध्या एमआरआयत फुप्फुसं काळीच दिसतात, आत हवाच असते ना. म्हणून एमआरआयत दिसेल असा लेझरनं केलेला झेनॉन वायू पिशवीतून श्वासात घ्यायचा. तो पोचतो तिथं उजेड, नाही पोचत तिथं अंधार.

"अच्छा. अन् फुंकायचं किती?"

"फुंकायचंच नाही. श्वास घ्यायचा अन् पंधरा आकडे मोजेपर्यंत तो धरून पडून राहायचं."

"मग त्यात पास कसा होते माणूस?"

"पास-नापास नाहीच, बाबा. फोटो आहे तो. फक्त पंप कधी घेतला ते खरं सांगायचं."

"मग राहू दे," म्हणाले, आणि पेपर उघडला.

मी जोर केला नाही. चार दिवसांनी सकाळी स्वतःच दिवाणावर आडवे झाले.

"मोज. पंप घेतला नाही आज."

मी मोजायला लागले. नऊवर श्वास सुटला, खोकला आला. मला बघवेना.

"दहा झाले," मी म्हटलं.

"काहून खोटं बोलून राहिली? नऊ झाले."

त्याच दुपारी मी बाबांचं अन् माझं, आमच्या केंद्राकडे जायचं तिकीट काढलं. संध्याकाळी भाजी आणताना बाबा दुसऱ्या मजल्यावर थांबले. मोबाइल खिशातच होता. आईनं वरून विचारलं, "आज कोणाचा फोन?"

"कोणाचा नाही," बाबा म्हणाले. "दम लागला."