अकरा वर्षांचं गिऱ्हाईक

कॅम्प तीनमधल्या धर्मेश शेठच्या जीन्स कारखान्यात आम्ही वीस जण राबायचो, पण हजेरीच्या रजिस्टरात एकोणीसच. विसावं नाव लागलं की प्रॉव्हिडंट फंड लागू होतो, एवढा कायदा शेठला तोंडपाठ होता. विसावा म्हणजे हरिचंद्र. शिवलेल्या पँटीचे लोंबते दोरे कापणं हे त्याचं काम. शेठ त्याच्याच गावचा, जांभूळचा, त्यामुळे बिचाऱ्या हरिचंद्रला त्याला कशालाच नाही म्हणता येईना.

फंडाच्या ऑफिसातून इन्स्पेक्टर आले की हरिचंद्र शेठचा इस्त्रीचा शर्ट चढवून पुढच्या खुर्चीत गिऱ्हाईक म्हणून बसायचा. त्याला कोल्ड्रिंक मिळायचं. आम्ही मशीनवर मान खाली घालून हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

२००६ साली त्याच्या मुलीला, भाविकाला, बदलापूरचं स्थळ आलं. मुलाचे काका चौकशीला परस्पर कारखान्यात आले. काखेतली फाइल बघून शेठला ते फंडाचेच वाटले. हरिचंद्र नावाचा इथे कुणी कामाला नाही, अधूनमधून पँट घ्यायला येतो, असं त्याने छातीठोकपणे सांगून टाकलं. बापाला नोकरी नाही आणि वर पँटींचा शौक, असं म्हणून पाहुण्यांनी नकार कळवला. हरिचंद्रची बायको सगुणाबाई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. त्याने शेठकडे एकच मागितलं, रजिस्टरात नाव. शेठ म्हणाला, दिवाळीनंतर बघू. तो कामाला लागल्यापासून अशा अकरा दिवाळ्या होऊन गेल्या होत्या.

त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी इन्स्पेक्टर आले. हरिचंद्र शेठचा शर्ट चढवून खुर्चीत बसला. साहेबांनी सहज एक पँट उचलली. तिचा दोरा लोंबत होता. हरिचंद्रचा हात आपोआप खिशात गेला आणि कातर घेऊन बाहेर आला. दोरा कापला, पँट उलटी केली, आतलेही चार दोरे उडवले, घडी घालून थप्पीवर ठेवली. मग त्याच्या लक्षात आलं. शेठचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"किती वर्षं गिऱ्हाईक आहात इथलं?" साहेबांनी विचारलं.

हरिचंद्रने शेठकडे पाहिलं, मग हातातल्या कातरीकडे.

"अकरा वर्सं झाली. रोज येतो साहेब, शुक्रवारची सुट्टी सोडून."

साहेबांनी रजिस्टर मागवलं आणि शेठच्याच हाताने विसावं नाव लिहून घेतलं. हरिचंद्र वाकून अक्षर न् अक्षर बघत होता.

"साहेब, याची झेरॉक्स मिळंल का? बदलापूरला दाखवायचीय."

साहेबांनी झेरॉक्स काढायला शेठलाच पाठवलं.