अठ्ठाविसावा दिवस

बाबांनी पोलोग्राउंडच्या कारखान्यात उभी हयात सुटे भाग तपासण्यात घालवली. नमुना पास झाला की माल निघतो, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. चूक माझीच. आमच्या प्रयोगशाळेत मूळपेशी ज्या द्रवात वाढवतात, त्यातून पेशी काढून उरलेला अर्क आम्ही लिव्हर खराब केलेल्या उंदरांना टोचत होतो, आणि त्यांचं लिव्हर सुधारत होतं. ही फुशारकी मी एकदा जेवताना मारली. समोर बाबा बसले होते, जुन्या काविळीने लिव्हर पोखरलेले, पोटात पाणी धरलेले.

डॉक्टरांनी प्रत्यारोपण सांगितलं होतं. ताईचं लिव्हर जुळलं; त्याचा तुकडा ती देणार होती. तिच्या सासरच्यांना आम्ही मोठ्या मिनतवारीने राजी केलं आणि ती देवासहून राहायला आली.

"पोरीच्या पोटाला चाकू कशाला?" बाबा म्हणाले. "अपनी दवाई घरातच बनते आहे. सॅम्पल पास झालंय."

"माणसांवर अजून तपासलेलं नाही, बाबा," मी म्हणालो, पण पुटपुटलोच. खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांतलं माझं कौतुक मला हवं होतं.

रविवारी मी त्यांचे सुजलेले पाय चेपत होतो. ताई दारात उभी होती, हातात तपासण्यांची फाइल.

"ते ठीक झालेले चूहे आता कसे आहेत रे?" बाबांनी विचारलं.

प्रयोगाच्या अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही सगळेच उंदीर मारतो. आजारी, बरे झालेले, सगळे. लिव्हर बाहेर काढून कापल्याशिवाय ते किती सुधारलं ते नीट कळत नाही. पुढे ते किती जगले असते, हे आम्हाला ठाऊक नाही.

"मजेत आहेत," मी म्हणालो.

ताईने फाइल कपाटावर ठेवली. मला माझी लाज वाटली, तरी मी पाय चेपत राहिलो.

सोमवारी नव्या खेपेचा अठ्ठाविसावा दिवस होता. आजारी उंदीर हातात गप्प पडून राहतात. बरे झालेले चावतात. एकाने हातमोज्यावरूनच माझं बोट धरलं, सोडेचना. त्यानंतर मला राहवलं नाही. सगळं खरं सांगून टाकायचं ठरवून मी घरी फोन लावला.

बाबांनीच उचलला. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा वाटला.

"ताईला सकाळीच देवासच्या बसमध्ये बसवून दिलं," ते म्हणाले. "तिच्या सासरी पण बोलून टाकलं, अब जरूरत नाही म्हणून. तू आहेस ना."