वाटाण्याएवढी गाठ

गाडी शिकवणाऱ्या मावशींचा आवाज असा होता, की शिकणाऱ्याचा पाय ब्रेकवर पडायच्या आत समोरचा सायकलवालाच घाबरून उतरायचा. बावीस वर्षं त्यांनी त्या आवाजावर माणसं तयार केली. भित्र्या सुना, निवृत्त साहेब, "मला येतं हो सगळं" म्हणत गाडी फुटपाथवर चढवणारे जावईबापू, सगळे त्यांच्या शेजारी घाम पुसत शिकले.

म्हणूनच आवाज बसला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. "ओरडून ओरडून बसलाय," नवरा म्हणाला. चार महिने गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी नाकातून नळी घालून आत पाहिलं. स्वरयंत्राचा कॅन्सर होता. मावशींनी उभ्या जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारायचा, "तुम्ही काही खात होतात का?"

"हो, शिकणाऱ्यांची डोकी," मावशी घोगऱ्या आवाजात सांगायच्या.

ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकलं. श्वास आता नाकातून नाही, गळ्याच्या तळाशी केलेल्या भोकातून. आत एक बारीकशी झडप बसवली होती. भोकावर अंगठा दाबला, की हवा झडपेतून घशात जायची आणि आवाज निघायचा. बोलायला शिकवणारी थेरपिस्ट जेमतेम तिशीची, पण पक्की मास्तरीण. तिच्यासमोर मावशींच्या तोंडून पहिला शब्द फुटला तो "अहो". डब्यातून आल्यासारखा. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ वळलाच नाही.

सहा महिन्यांत मावशी पुन्हा गाडीत बसू लागल्या. गळ्यावर धूळ अडवणारी जाळी, त्यावर सुती रुमाल. ओरडता येत नव्हतं, म्हणून डॅशबोर्डवर थाप मारायच्या. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. अंगवळणी पडलं होतं सगळं.

मग एका शनिवारी, अंघोळीनंतर मान पुसताना, कानाखाली बोट अडखळलं. वाटाण्याएवढी गाठ होती. दाबली तर दुखेना, आणि दुखत नाही याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

दोन दिवस त्यांनी नवऱ्याला काही सांगितलं नाही. पण हात सारखा मानेकडे जायचा, आणि लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटणार थोडंच? सोमवारी तोच त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी सुई टोचून गाठीतलं पाणी तपासायला पाठवलं. "रिपोर्ट गुरुवारी. तोवर उगाच दाबत बसू नका," ते म्हणाले.

न दाबता कसं राहायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मंगळवारी सिग्नल हिरवा झाला तरी मावशी मानेवर बोट ठेवून बसलेल्या. मागून हॉर्न वाजू लागले. "चल" म्हणायची वाट बघणारी स्टिअरिंगवरची मुलगी रडकुंडीला आली. "मावशी, काय चुकलं माझं?"

"तुझं नाही. माझं लक्ष उडालंय." त्या दिवशी त्यांनी उरलेल्या आठवड्याचे सगळे क्लास रद्द केले. ऑपरेशनचा काळ सोडला तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारी थेरपिस्टचा फोन आला. वॉर्डात एक बसकंडक्टर होता. उद्या सकाळी त्याचं हेच ऑपरेशन, आणि तो बॅग भरून घरी निघाला होता. "तुम्ही एकदा येऊन बोलाल त्याच्याशी?"

"अगं, माझाच रिपोर्ट उद्या यायचाय. माझा चेहरा बघून जात नसला तरी जाईल."

"जाऊ नकोस," नवरा म्हणाला. "आधी आपलं निस्तरू दे."

तरी त्या गेल्या. परोपकार वगैरे काही नव्हतं. घर खायला उठलं होतं, एवढंच.

कंडक्टर खाटेवर बॅगेला टेकून बसला होता. आवाज पार घोगरा झालेला. बायको पायाशी उभी. मावशींनी गळ्यावर अंगठा ठेवून "नमस्कार" म्हणताच तो दचकला आणि त्यांच्या गळ्याकडेच बघत राहिला.

"जेवता येतं?" बायकोने विचारलं.

"येतं. वेळ लागतो. वास कळत नाही, दूध करपलं तरी नवऱ्याला आधी कळतं."

"शिंक आली तर?" कंडक्टरने विचारलं.

"रुमाल गळ्यावर धरायचा. मी पहिले सहा महिने नाकावरच धरत होते."

तो जरासा हसला. मग हसू ओसरलं. "हे पुन्हा होतं का?"

मावशींचा अंगठा गळ्यावरून खाली आला. खोटं बोलावं असं त्यांना फार वाटलं. "नाही" म्हणायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी अंगठा परत टेकवला. "माहीत नाही. मलाही मानेत गाठ लागलीय. रिपोर्ट उद्या आहे."

बायकोने खाटेची दांडी घट्ट धरली. घाण केली आपण, मावशींना वाटलं.

"मग इथे कशाला आलात?" कंडक्टर म्हणाला.

"घरी बसवेना."

तो बॅगेचा टेका सोडून सरळ बसला. "केल्याचा पस्तावा होतो?"

"दीड वर्ष मिळालं. एकोणीस जणांना लायसन मिळालं, नवऱ्याशी रोज भांडले. पस्तावा नाही. भीती वाटते, ती रोज वाटते."

त्यावर त्याने बॅग मांडीवर ओढून घेतली. मावशी घरी आल्या त्या आपण त्याला पळवून लावलं असं धरूनच.

गुरुवारी डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. मावशींना वाटलं, दुसऱ्यांदा वाचतायत म्हणजे काहीतरी आहेच. "कॅन्सर नाही. साधी सुजलेली गाठ आहे," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा." नवरा मटकन बाकावर बसला. मावशींचा हात मात्र परत मानेकडेच गेला. गाठ तिथेच होती.

निघताना थेरपिस्ट भेटली. "कंडक्टर?" मावशींनी विचारलं.

"साडेसातला आत नेलं. बॅग रात्री बायकोकडे दिली त्याने."

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर त्याची बायको एकटीच बसली होती. मावशी तिच्या शेजारी बसल्या. "तुमचं?" तिने विचारलं.

"नाही निघालं."

ती "बरं झालं" म्हणाली आणि रडायलाच लागली. मावशींच्या नवऱ्याने दोघींना चहा आणून दिला, तो निवून गेला. दर वेळी दार हललं, की तिघांच्या माना एकदम वळायच्या. चारच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले, गाठ पूर्ण निघाली म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे नाही, मावशींकडे पाहिलं.

"बोलतील ना हे?"

"बोलतील. पण लगेच नाही. आठ-दहा दिवस पाटी-पेन्सिल द्या, आणि लिहून होईस्तोवर मध्येच बोलू नका. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा."