केणे मॅडम आणि बाहेरचा बाक

प्रा. सुनंदा केणे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं, असं गौरव समितीने सुचवलं तेव्हा मी गोंधळलो. मॅडमविषयी लिहायचं, तर त्यांनी काय शिकवलं ते मला कळलं होतं असं धरून चालावं लागतं. ते धरायला मी आजही कचरतो. पण त्यांनी माझं शिक्षण वाचवलं एवढं नक्की, म्हणून लिहितो.

त्यांची माझी ओळख इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी झाली. भिवंडीच्या चहूबाजूंनी भातखाचरं जाऊन गोदामं उभी राहत होती. अंजूरला आमचीही झाली होती. माझं आधीच एक वर्ष वाया गेलं होतं आणि वडिलांनी निकाल दिला होता, "या टायमाला पास झालास त शिक, न्हाय त गोडावनवर बस." वडील बोलतात तसं करतात. त्यामुळे मॅडमच्या विषयात पास होणं माझ्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न होता आणि नेमका तोच विषय, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, माझ्या डोक्यावरून जात होता.

ऑब्जेक्ट म्हणजे प्रोग्रॅमचा असा भाग, जो स्वतःची माहिती स्वतःजवळ ठेवतो आणि स्वतःचं काम स्वतः करतो. दुसऱ्याने त्याच्या पोटात हात घालायचा नाही, फक्त काम सांगायचं. हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी मान हलवली. मग त्यांनी चौघाचौघांचे गट पाडले आणि आमच्या गटाला काल्हेरच्या एका गोदामाच्या कामकाजाचा प्रोग्रॅम करायला सांगितला. गटात स्नेहा, प्रसाद, इक्बाल आणि मी होतो. पुढाकार अर्थातच मी घेतला, कारण भीती मला होती.

मॅडमची एक पद्धत होती. त्या पिशवीतून लूमवर लावायचा सुताचा कोन आणत आणि गटाला गोल उभं करत. प्रत्येक जण एक ऑब्जेक्ट: स्नेहा ट्रक, इक्बाल गेट, प्रसाद माल ठेवायचा गाळा आणि मी मॅनेजर. ज्याला काम सांगायचं त्याच्याकडे कोन फेकायचा, आपल्या हातातला धागा मात्र सोडायचा नाही. थोड्याच वेळात माझ्या दोन्ही हातांना सुताचे वेढे पडले, कारण ट्रकने कुठे थांबायचं इथपासून गेट कधी उघडायचं इथपर्यंत सगळं मीच सांगत होतो. शेवटी माझ्या हातापाशीच धागा ताणून तुटला. इक्बाल लूमवाल्यांच्या घरातला. कुणी काही बोलायच्या आत त्याने पुढे होऊन चिमटीत गाठ मारूनही टाकली.

मॅडम म्हणाल्या, "बांधलंस कशाला? ते तुटावं म्हणून तर सूत आणलं."

इक्बाल ओशाळला. "आदत है, मॅडम. टूटा तो बांध देते हैं."

"तीच तर अडचण आहे तुमच्या गटाची," मॅडम म्हणाल्या. "याचं तुटतं आणि तुम्ही बांधता. मॅनेजर काढून टाका, मग गोदाम चालतं का बघा."

मॅडम प्रोग्रॅमबद्दल बोलत होत्या की माझ्याबद्दल, हे मला उमगलं नाही. तरी आम्ही एकेक काम ज्याचं त्याच्याकडे सोपवत गेलो. प्रोग्रॅम चालू लागला. माझा जीव मात्र खालीवर होत राहिला, कारण माझ्या हातात काहीच उरत नव्हतं.

मॅडमच्या मायेचे प्रकारही असेच चक्रावून टाकणारे. स्नेहा वडप्याहून यायची. हायवेला ट्रक अडकले की तिला उशीर ठरलेला. अशा दिवशी मॅडम खडू शोधत बसत. खडू त्यांच्या हातातच असे. स्नेहा दारात दिसली की खडू सापडे आणि तास सुरू होई. यात काही हेतू असेल हे माझ्या ध्यानात यायला पुष्कळ दिवस गेले.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. आमचा नंबर लागला आणि मॅडम मला म्हणाल्या, "तू बाहेर बाकावर बस. बोलावलं की ये." संपलं सगळं, उद्यापासून गोदाम, असं वाटलं. बाकावर बसून मी दरवाजाकडे पाहत राहिलो. आत काय झालं ते नंतर कळलं. परीक्षकांनी मुद्दाम खोडा घातला होता: ट्रकबरोबर आता टेम्पोही येतील, करा बदल. स्नेहाने तेवढाच आपला भाग बदलला. गेट आणि गाळा यांना हातही लावावा लागला नाही.

मग मला बोलावलं. परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या मांडणीत मॅनेजर दिसत नाही. का?"

"त्याची गरज उरली नाही, सर," मी म्हणालो, आणि बोलता बोलताच मला पहिल्यांदा कळलं की मी हे केलं होतं.

मी पास झालो. वडील एवढंच म्हणाले, "मंग शिक आता." मी मॅडमना विचारलं, मला बाहेर बसवलं ती शिक्षा होती की शाबासकी? त्यांनी विचारलं, चहा घेतलास का? ते उत्तर मी अजून सोडवतो आहे.

आता मॅडम निवृत्त होत आहेत. विभाग त्यांच्यावाचून अडणार नाही, अशीच सोय त्यांनी करून ठेवली आहे. सत्काराच्या तयारीला समिती जमली, तेव्हा त्यांनी कळवलं, "मी त्या दिवशी बाहेर बाकावर बसते. कार्यक्रम होतो का बघा." समिती बुचकळ्यात पडली. मी पडलो नाही. त्यांच्या बाबतीत असं प्रथमच झालं.

मॅडम, तुमच्याशिवाय चालवून दाखवायच्या या परीक्षेत आम्हाला बिनशर्त नापास करा आणि आत येऊन बसा. तुम्हाला ठणठणीत तब्येत लाभो, पुष्कळ वर्षं लाभोत आणि तुमच्या पिशवीत सुताचा कोन कायम असो. आमच्या हातातला धागा आम्ही अजून सोडलेला नाही.