कोपरगावात जपानी धर्मनिरपेक्षता

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या बॅगेत दोन जपानी शब्दकोश होते आणि डोक्यात त्याहून जड माज. कोपरगावातल्या एका क्लासात मुलामुलींना जपानच्या वृद्धाश्रमांतल्या कामासाठी तयार करतात. तिथल्या मुलाखतींना दुभाषा म्हणून मला बोलावलं होतं. उमेदवार पाच, जागा एक.

नगर सोडलं आणि मनमाड रस्त्याने माझी हाडं मोजायला घेतली. राहुरीपुढे उसाच्या ट्रॉलीमागे एसटी तासभर अडकली. तिथेच क्लासचालक दिघे सरांचा फोन आला.

"सर, जपानी बाई धर्माचं इचारत्यात म्हनं. 'आमचा देश धर्मनिरपेक्ष आहे' याला एक वजनदार शब्द द्या. पोरं पाठ करतील."

मी ऐटीत सांगितला: 'सेइक्यो-बुनरी' (राज्यकारभार आणि धर्म यांची फारकत).

क्लास खताच्या दुकानावर होता. पोचलो तर मुलाखती सुरूच झाल्या नव्हत्या. शुक्रवार होता, राहुकाळ टळायचा होता. तो टळल्यावर लॅपटॉपला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला आणि मग फारकतीचा कार्यक्रम सुरू झाला. वृद्धाश्रमातर्फे जपानहून आलेल्या मोरीबाईंनी खोबऱ्याचा तुकडा दोन्ही हातांनी घेतला आणि प्रश्न विचारला.

"एका आजीला सकाळी उदबत्ती लावायची असते, शेजारच्या आजीला धूर सोसत नाही. तुम्ही काय कराल?"

पहिला म्हणाला, "आमचा देश सेइक्यो-बुनरी आहे." दुसरा, तिसरा, चौथीही तेच. मोरीबाई दर वेळी अदबीने मान लववत होत्या. मला मात्र टेबलाखाली शिरावंसं वाटत होतं.

पाचवी मनीषा, पाथर्डीकडची, इथल्या एका दवाखान्यात आया. ही जागा हुकली तर शिकणं बंद आणि लग्न, असं वडिलांनी बजावलं होतं. ती मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली, "आधी दोघींना विचारीन. उदबत्ती खिडकीत. दुसरीला तेवढा वेळ अंगणात नेईन. दवाखान्यात एक चाचा आहेत. नमाजाला त्यांचा पलंग पश्चिमेला फिरवते. शेजारच्या आजींना अंगारा लावते. मग डबा खाते."

दिघे सरांनी मला कोपर मारलं. "वाक्य म्हनलीच न्हाई ओ! गेली हिची जागा."

जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे रस्सेदार वेटोळे) होते. हात धुताना मनीषा जवळ आली. डोळे भरले होते. "सर, रातपाळी करून उशिरा आले, पाठच झालं न्हाई. मला काढत्याल का?"

शरम वाटली, खरंच वाटली. वीस वर्षं जपानी शिकवतोय, आणि मला बसमध्ये फक्त एक शब्द सुचला होता.

जेवण आटोपल्यावर मोरीबाईंनी एकच नाव वाचलं: मनीषा. ती पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड झाकून रडली. दिघे सरांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग चेहरा समजूतदार केला.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी ठरवलं की आता शब्दकोश बंद, माणसं काय करतात ते बघायचं. नगर यायच्या आत दिघे सरांचा फोन.

"सर, ते पलंगाचं जपानीत नीट लिहून धाडा ना. पुढच्या बॅचकडून घोकून घेतो. सगळ्यांचा एकेक चाचा!"

मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग मोबाईल काढला, मनीषाचं उत्तर टाइप केलं, त्यातल्या चुका दुरुस्त केल्या आणि पाठवून दिलं.