खडपाची साप्ताहिक सुट्टी

भास्करभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. आदल्या संध्याकाळी ते आमच्या ऑफिसात येऊन बसले होते. दिवाळीच्या कोकण सहलीचं बुकिंग जोरात सुरू होतं आणि समोरच्या बाईंनी सहज विचारलं, "समुद्रातलं काही मिळतं का हो तिकडे? शोकेससाठी?" झालं! भास्करभाऊंनी त्यांना आणि त्यांच्या यजमानांना असं काही धारेवर धरलं की ते दोघं "विचार करून सांगतो" म्हणत उठले ते उठलेच. मी म्हटलं, "भाऊ, निदान माझी गिऱ्हाइकं तरी सोडा!" तर चप्पल घालता घालता म्हणाले, "वहिनी, शोकेस भरायला येणारी माणसं नेऊच नका तुम्ही." आणि गेले. सकाळी त्यांच्या बायकोचा, मंगलवहिनींचा फोन… झोपेतच सगळं संपलं होतं. आता काही आठवडे झाले, तरी मनात भांडण सुरूच आहे. उत्तर द्यायला समोर माणूस नाही, एवढंच.

भास्कर खैरनार मूळचे सटाण्याकडचे. अंबडला त्यांचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं. शेडचे अँगल, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, असली कामं. राहायला आमच्याच कॉलनीत. पोहता येत नव्हतं आणि शेवटपर्यंत आलं नाही. नव्वदच्या दशकात आमच्या ह्यांनी आणि मी सहलींचा व्यवसाय सुरू केला तेव्हा पहिल्या काही बसमध्ये शेजारीपाजारीच असायचे, त्यात हे दोघं नवरा-बायको आले. मालवणच्या पुढे एक गाव आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आज नाव छापलं की पुढच्या रविवारी तिथे सतरा बस उभ्या राहतील, आणि ह्यातलं आम्हाला सगळ्यात जास्त कळतं. तिथले होडीवाले किनाऱ्यापासून थोडं आत नेऊन तळाला काच बसवलेली एक लाकडी पेटी पाण्यावर धरायचे. पेटीत डोकं घातलं की खालची प्रवाळं दिसायची. पिवळी, जांभळी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, त्यांच्यामधून इवले मासे फिरतायत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, बारीक बारीक जिवांची वस्ती, बोटभर वाढायलाही तिला फार काळ लागतो, हे आम्हाला पुढे भाऊंकडूनच कळलं. तोवर आम्ही त्याला रंगीत दगड समजायचो आणि गावातले लोक नुसतं खडप म्हणायचे.

भाऊंनी पेटीत डोकं घातलं आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या होडीने नांगर टाकला. लोखंडी नांगर थेट खडपावर पडला, खालून ढग उठावा तसा गाळ उठला, आणि तो खाली बसल्यावर मघाचा पिवळा गड्डा तिथे नव्हता. होडी हेलकावे खात होती तसा नांगर खडपावरून घासत चालला होता. भाऊंनी डोकं वर काढलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "माझ्या वर्कशॉपमध्ये चालू मशीनवर कुणी असा घण टाकला असता ना वहिनी, तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता," म्हणाले. परतीच्या प्रवासात सगळी बस अंताक्षरी खेळत होती आणि हे सिगारेटच्या पाकिटाच्या मागे पिंप, साखळी आणि काँक्रीटचा ठोकळा यांचं चित्र काढत बसले होते.

ते चित्र असं होतं की खडपाच्या कडेला, वाळूत, काँक्रीटचा ठोकळा कायमचा बसवायचा, त्याला साखळी, साखळीच्या वरच्या टोकाला तरंगणारं पिंप. होडीवाल्याने नांगर टाकायचाच नाही, दोरी पिंपाला बांधायची. काम सोपं, खर्च थोडा. पुढच्या मे महिन्यात आमच्या बसच्या टपावर प्रवाशांच्या बॅगांऐवजी निळी पिंपं चढली आणि बॅगा आल्या पायाशी. घाटात माणसं पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि शिव्या मला खाव्या लागत होत्या. गावातल्या होडीवाल्यांचे म्होरके बाबू तांडेल, हसतमुख माणूस. त्यांनी चार पोरं लावून ठोकळे बुडवून दिले, पिंपं बांधून घेतली, आम्हाला सोलकढी पाजली. आणि तुळशीच्या लग्नानंतर आम्ही परत गेलो तर समुद्रात एकही पिंप नाही! एका लग्नाच्या मांडवामागे ती ओळीने उभी होती, पाण्याने भरलेली, वर फडकी बांधून. गावात पाण्याची ओढ, आणि इतकी चांगली झाकणाची पिंपं समुद्रात लोळू देईल कोण? भाऊ तिथेच मांडवात भांडायला लागले. आमच्या ह्यांनी त्यांना धरून जिलबीच्या पंगतीला बसवलं. पुढच्या खेपेला भाऊंनी पिंपांची झाकणंच कापून टाकली आणि आत थर्माकोल ठासून भरला. ती मात्र टिकली.

सटाण्याला त्यांची आई होती. ती एकदा नाशिकला आली असताना माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "आरे भास्कर, आपली आरम नदी आटी गयी, तठे कोनी दखत नही. नि तू समुद्र वाचाडाले निंघना?" घरची नदी आटलेली असताना समुद्र वाचवायला का निघालास, हेच आमची सगळी कॉलनी विचारत होती, फक्त म्हातारीने तोंडावर विचारलं. "मी पाहिलं ना आई ते तुटताना," भाऊ एवढंच म्हणाले. सरकारी कचेऱ्यांमध्ये तर हा प्रश्न कायमचा. पिंपं अधिकृत व्हावीत, नांगर टाकायला बंदी व्हावी म्हणून तिकडच्या कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, "तुम्ही नाशिकचे, तुमच्या जिल्ह्यातून प्रस्ताव येऊ द्या." नाशिकला आलो तर इथले साहेब चहा मागवून अतिशय प्रेमाने म्हणाले, "खैरनार, आपल्याकडे समुद्र नाही." भाऊ हे बोलणं नक्कल करून सांगायचे आणि आम्ही हसायचो. पण सांगून झालं की ते स्वतः लगेच पुढचा अर्ज लिहायला घ्यायचे.

शोकेसचा नाद त्यांना त्याच सुमाराला लागला. त्या काळात आमच्या कॉलनीत ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात, ताजमहाल आणि बाहुली यांच्या मधोमध, पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा असायचाच. भाऊंनी एका शाळेचा हॉल घेतला, फोटो दाखवले, तळमळीने बोलले, आणि शेवटी हात जोडून म्हणाले की घरातले तुकडे आणून द्या. ते तांडेलांना दाखवायचे आहेत, किती माल इथवर येतो ते त्यांना कळू दे. प्रश्नोत्तरांत पहिलाच प्रश्न एका बाईंचा : "खैरनार साहेब, हे घरात ठेवणं अशुभ असतं का?" सगळा हॉल सावरून बसला. मी पहिल्या रांगेत होते. मनातल्या मनात म्हणत होते, भाऊ, हो म्हणा… एकदाच, एवढंच हो म्हणा! आणि हा सत्यवादी माणूस म्हणाला, "नाही हो ताई, शुभ-अशुभ काही नाही. फक्त ते जिवंत होतं, आपण मारलं." हॉल पुन्हा सैल झाला. तुकडे आले ते एका पिशवीत मावतील एवढेच. मी घरी येईपर्यंत त्यांच्याशी भांडत होते. "तुम्ही हो म्हणाला असतात तर उद्या सकाळपर्यंत निम्म्या शहराच्या शोकेस रिकाम्या झाल्या असत्या!" तर म्हणे, "आणि परवा दुसऱ्या कुणी शुभ असतं म्हणून सांगितलं, की परत आणतील."

गंमत म्हणजे त्यांनी नाही म्हणूनसुद्धा शहरात बोभाटा झालाच. 'ते घरात ठेवू नये असं एक साहेब सांगतात.' मग लोकांनी काय करावं? आपल्याकडे घरातून काही काढायचं म्हटलं की पाय कुठे वळतात, हे नाशिककरांना सांगायला नको. पुढच्या महिन्यात भाऊंना कुणीतरी गोदावरीवरच्या रामकुंडावर बोलावलं. तिथे कठड्याजवळ, निर्माल्याच्या ढिगात, हळदकुंकू वाहिलेले प्रवाळाचे तुकडे! काही लोकांनी ते श्रद्धेने विसर्जित केले होते. एक गृहस्थ तर भाऊंनाच समजावायला लागले की नदी शेवटी समुद्रालाच मिळते, म्हणजे ज्याचं त्याला पोचलं. भाऊ पाण्यात उतरून, पँट गुडघ्यापर्यंत वर करून, तुकडे गोळा करत होते आणि ओरडत होते, "अहो, गोदावरी त्या बाजूला जात नाही! पूर्वेला जाते, पूर्वेला!" लोक कौतुकाने बघत होते. मला त्या दिवशी हसू आलं होतं. आज लिहिताना नुसता राग येतोय, आणि तो नक्की कुणावर हे कळत नाही.

तरी ह्या सगळ्या चिल्लर लढाया होत्या. त्यांचा खरा हट्ट एकच होता, आणि त्यासाठी ते वर्षानुवर्षं त्या गावाला जात राहिले, आमच्या बसने, नाहीतर एसटीने, नाहीतर मालवाहू टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून. दोन हजार साल उलटलं आणि तिकडे पर्यटकांचा पूर आला. पेटी गेली, होडीवाले माणसांना थेट पाण्यात उतरवायला लागले. लोक तरंगायची जॅकेटं चढवून, पाण्यात घालायचे चष्मे लावून खडपावर चक्क उभे राहून फोटो काढायला लागले. पिंपांना बांधलेल्या होड्या वाढल्या, पण त्यांतून उतरणारे पायही वाढले. तेव्हा भाऊंनी तांडेलांच्या पडवीत सगळ्या होडीवाल्यांना बसवून मागणं मांडलं. ते म्हणाले, आमच्या अंबडला शनिवारी मशीन बंद असतं. मी स्वतः त्या दिवशी तेल देतो, साफ करतो, म्हणून ते सहा दिवस चालतं. तसा आठवड्यातला एक दिवस ह्या खडपाला द्या. सोमवार द्या, गर्दी कमी असते. एक दिवस कुणी जायचं नाही. बास, एवढंच… दुसरं काही मागत नाही.

होडीवाले काही दुष्ट नव्हते. त्यांचंही बोलणं मला पटायचं, आणि त्यामुळेच जास्त चीड यायची. तांडेल म्हणायचे, "सायबानू, तुमचा बरोबर आसा. पण आमी बंद ठेवला तर शेजारच्या गावचे बोटी येतले. तेंका कोण अडवतलो?" शेजारच्या गावात गेलं की तिथले लोक ह्या गावाकडे बोट दाखवायचे. मग दोन्ही गावांची एकत्र बैठक ठरायची, ती गणपतीवर जायची, गणपतीवरून शिमग्यावर. प्रत्येक बैठकीचा शेवट ठरलेला : "फुडच्या सीझनाक बघूया." भाऊ दरवेळी खूश होऊन यायचे. "ह्या वेळी कुणी नाही म्हटलं नाही वहिनी!" मंगलवहिनी एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "समुद्रापेक्षा सवत परवडली असती, निदान कधीतरी ती घरी आली असती." बोलल्या आणि कणीक मळायला लागल्या.

भाऊ गेल्याचं आमच्या ह्यांनी तांडेलांना फोन करून कळवलं होतं. दिवाळीची सहल मी रद्द केली नाही. लोकांनी सुट्ट्या टाकल्या होत्या, हॉटेलं ठरली होती. त्या गावात बस थांबली तेव्हा तांडेल धक्क्यावरच उभे होते. केस पार पिकलेत आता. माझ्याजवळ आले आणि टोपी काढून म्हणाले, "वयनी, सायब गेले असा कळला त्या दिवशी गावातली एक पण बोट पाण्यात गेली नाय. आमच्यात कोण गेला की दर्यात जायत नाय. शेजारच्या गावचे पण इले नाय. आपणहून." मला एकदम रडू फुटलं. तेही डोळे पुसत म्हणाले, "पाणी कसला नितळ होता त्या दिवशी… धक्क्यावरसून तळ दिसत होतो."

म्हणजे जमत होतं. दोन्ही गावांना, एका फोनवर, बैठकीशिवाय जमलं. इतकी वर्षं तो माणूस एक दिवस मागत होता, त्याला तो मिळाला, आणि बघायला तो नव्हता. मी तांडेलांना विचारलं, "मग आता आठवड्यातून एकदा… भाऊंच्या नावाने तरी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे बसमधून उतरणाऱ्या माणसांकडे पाहिलं. "वयनी, सीझन आसा," ते हळूच म्हणाले. आणि थोडं थांबून, नेहमीच्या सवयीने, "माणसां किती आसत?"

मी म्हटलं, एकही नाही. बसपाशी परत गेले आणि सांगितलं की आज होडीत कुणी जायचं नाही, आज खडपाला सुट्टी. एकच गलका झाला. जाहिरातीत छापलंय, पैसे भरलेत, पोरांना काय सांगायचं. आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले, पण मधे पडले नाहीत. मी प्रवाशांना भाऊंबद्दल सांगितलं, जेवढं जमलं तेवढं. काही जण ऐकून सुरूच्या झाडांखाली जाऊन बसले, काही शेवटपर्यंत धुसफुसत राहिले, पण पाण्यात कुणी गेलं नाही. तेवढ्यात आमच्या मागे पुण्याची एक बस येऊन थांबली. त्यांची माणसं भराभर उतरली, जॅकेटं चढवली, आणि आमच्यासाठी थांबवून ठेवलेल्या होड्यांत जाऊन बसली.